श्रीलंकेला कधी जायचं? आधी कुठल्या किनाऱ्याला जायचं ते ठरवा

पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोक्यात पावसाचं एक गणित पक्कं बसलेलं असतं. जूनमध्ये सुरू, सप्टेंबरअखेर परत फिरला, दिवाळीत आकाश मोकळं. हेच गणित घेऊन श्रीलंकेचं तिकीट काढलं की फसगत ठरलेली. दिवाळीची सुट्टी सलग मिळते म्हणून बेत तेव्हाचे आखले जातात, आणि ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर हाच नेमका त्या बेटावर सगळीकडे पाऊस पडण्याचा काळ. उलट ‘पावसाळ्यात कुठे जाता’ म्हणून जो ऑगस्ट सोडून दिला जातो, त्याच ऑगस्टमध्ये त्रिंकोमालीचा समुद्र तळ्यासारखा शांत असतो.

बेट महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढं. पण त्यावर दोन पावसाळे आहेत आणि ते दोन वेगवेगळ्या बाजूंवर पडतात. म्हणून ‘कधी जावं’ हा प्रश्न सुट्टा विचारून उपयोग नाही. तारीख आणि बाजू यांची जोडी जमवायची असते.

दोन पावसाळे, मधे डोंगर

मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचे वारे येतात. तेव्हा पाऊस पडतो तो कोलंबो, गॉल, रत्नपुरा आणि मधल्या डोंगरांच्या पश्चिम उतारावर. डिसेंबर ते फेब्रुवारी वारे ईशान्येकडून येतात. तेव्हा भिजतात त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, जाफना, पोलोन्नारुवा आणि अनुराधापुरा. तिथले शेतकरी या दोन हंगामांना ‘यल’ आणि ‘महा’ म्हणतात, आपल्या खरीप-रब्बीसारखंच. (‘याला’ नावाचं राष्ट्रीय उद्यान वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.)

मधल्या डोंगराचं काम सह्याद्रीसारखंच आहे. महाबळेश्वर धुऊन निघत असताना माण-खटाव कोरडे का राहतात, हे ज्याला माहीत आहे त्याला श्रीलंका समजायला पाच मिनिटं पुरतात. इथला डोंगर पिदुरुतालागालाच्या माथ्यावर २,५२४ मीटरपर्यंत चढतो. नैर्ऋत्येचा वारा पश्चिम उतारावर पाणी टाकून रिकामा होतो आणि पूर्वेला उतरताना तापत, सुकत जातो. या कोरड्या वाऱ्याला पूर्वेकडचे तमिळ लोक ‘कच्चान’ म्हणतात. आपल्याकडे पर्जन्यछायेचा भाग एकदाच ठरलेला असतो. तिथे वर्षातून दोनदा बाजू बदलते, एवढाच फरक.

नुवारा एलिया आणि एल्ला यांच्यात रस्त्याने साधारण ५५ किलोमीटरचं अंतर. नकाशावर शेजारी, पण पावसाच्या हिशेबात दोन वेगळी गावं. जुलैमध्ये नुवारा एलिया दिवसचे दिवस ढगात बुडालेलं असतं, तर एल्ला आणि हापुताले ही उवा प्रांतातली गावं बरीच कोरडी असतात. रेल्वेने जाताना पट्टिपोला आणि ओहिया यांच्यामध्ये माथ्यावरचा बोगदा लागतो. बोगद्याच्या अलीकडे झड आणि पलीकडे ऊन, असं बरेचदा होतं. चहावाल्यांचं वेळापत्रकही याच कोरड्या वाऱ्यावर बेतलेलं असतं: उवाचा उत्तम चहा जुलै ते सप्टेंबरचा, पश्चिमेकडच्या दिंबुलाचा जानेवारी ते मार्चचा. कुठे कधी कोरडं असतं हे लक्षात ठेवायला चहाचं हे कॅलेंडर पुरेसं आहे.

दोन पावसाळ्यांच्या मधले महिने म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दोन्ही वेळा सकाळ स्वच्छ, दुपारी दोन-तीनच्या सुमारास ढग आणि मग विजांसह जोरदार सर, हा नेहमीचा क्रम. पण दोन्ही सारखे समजू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं तयार होत असतात, आणि त्यातलं एखादं बेटावर आलं की दुपारच्या सरीची सलग दोन-तीन दिवसांची झड होते. नोव्हेंबर २०२५च्या शेवटी आलेल्या दित्वा चक्रीवादळाने मधल्या डोंगराळ भागात दरडी कोसळून प्रचंड हानी झाली. ते टोकाचं उदाहरण असलं तरी धोक्याचा काळ तोच.

आपल्या सुट्ट्या तिथल्या आकाशावर ठेवून पाहा

जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा सगळ्यांत सोपा काळ. गॉल, उनावटुना, मिरिस्सा इथला समुद्र पोहण्याजोगा, डोंगर मोकळे, आणि फेब्रुवारीच्या शेवटी पूर्वेकडचा पाऊसही ओसरलेला. शाळकरी मुलं नसतील तर दुसऱ्या महिन्यांचा विचारच करू नका.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जाणं टाळा. पावसामुळे नव्हे, नववर्षामुळे. १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं. दुकानं, हॉटेलांचे भटारखाने, गाड्यांचे ड्रायव्हर सगळे गावी गेलेले असतात, बसगाड्या ओसंडून वाहतात, आणि अख्खं कोलंबो थंड हवेला म्हणून नुवारा एलियात येतं. त्या गावात एप्रिलभर दर चढलेले असतात.

मे महिन्याचे दोन भाग करा. पहिला पंधरवडा चालतो, उकाडा सोसायची तयारी असेल तर. दुसऱ्या पंधरवड्यात पश्चिम आणि दक्षिणेला मुक्काम ठेवू नका. २०१६ मध्ये १७ मे रोजी अरनायके इथे दरड कोसळून वस्ती गाडली गेली. २०१७ मध्ये मेच्या अखेरीस रत्नपुरा-कळुतरा भागात मोठे पूर आले. मोसमी पाऊस तिथे केरळच्या थोडा आधी पोचतो आणि पहिली धडक जोराची असते. उन्हाळी सुट्टीतच जायचं असेल तर सरळ पूर्वेला आणि उत्तरेला जा.

जून ते सप्टेंबर पूर्व किनारा, सांस्कृतिक त्रिकोण (अनुराधापुरा, पोलोन्नारुवा आणि कँडी यांच्यामधला जुन्या राजधान्यांचा भाग) आणि एल्ला. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी मिळाली तर त्याच सुमारास कँडीचा एसला पेराहेरा असू शकतो. दहा दिवसांची मिरवणूक जुलै-ऑगस्टमध्ये चंद्राच्या तिथीवर ठरते, म्हणून दरवर्षीच्या तारखा आधी पाहाव्या लागतात. त्या दहा दिवसांत कँडीत खोली मिळणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळण्यासारखं.

दिवाळी: नको. तिकीट काढून झालंच असेल तर डोंगरातले मुक्काम कमी करा, रद्द करता येणारीच हॉटेलं घ्या, आणि समुद्रात पोहता येईल असं गृहीत धरू नका.

नाताळची सुट्टी अर्धी चांगली. दक्षिण किनारा डिसेंबरच्या मध्यापासून सावरतो, पण पूर्वेला तेव्हाच पावसाचा जोर असतो आणि डोंगरातही जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत पाऊस रेंगाळतो. वर गर्दी आणि वर्षातले सर्वांत चढे दर.

दोन मार्ग

सात रात्रींचे दोन आराखडे पुढे दिले आहेत. किलोमीटरवर जाऊ नका. श्रीलंकेत द्रुतगती मार्ग सोडले तर ताशी ३५-४० किलोमीटरच पडतात, पावसात तेवढेही नाही.

*जून ते सप्टेंबर, पूर्वेचा मार्ग.* विमानतळ कोलंबो शहरात नसून कटुनायके इथे, नेगोंबोजवळ आहे. तिथून थेट दांबुल्ला-सिगिरियाकडे निघा, साडेतीन ते चार तास. दोन रात्री तिथे. सिगिरियाचा खडक जमिनीपासून साधारण २०० मीटर उंच, सुमारे १,२०० पायऱ्या. दार उघडताच चढायला लागा, साडेनऊनंतर खडक तापतो. दुपारनंतर मिन्नेरियाची हत्तींची सफारी. तलाव आटत जातो तसे उघड्या पडलेल्या गवतावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हत्तींचे मोठे कळप जमतात. पण इथे एक अडचण आहे. धरणाचं पाणी सोडून तलाव भरला तर गवत बुडतं आणि हत्ती कौडुल्लाकडे किंवा हुरुलूकडे सरकतात. म्हणून जीप आदल्या दिवशी ठरवली तरी कुठल्या उद्यानात जायचं हे त्याच दिवशी दुपारी ठरवा. मिन्नेरियाचंच तिकीट हवं असा हट्ट धरणारे रिकामं पाणी बघून परततात.

तिसऱ्या दिवशी त्रिंकोमाली, साधारण दोन-अडीच तास. निलावेली किंवा उप्पुवेलीला तीन रात्री. कोणेश्वराचं देऊळ संध्याकाळी, पिजन आयलंड सकाळी. वारा दुपारनंतर वाढतो. सहावा दिवस पोलोन्नारुवा पाहून कँडी. हा पल्ला लांब आहे, सात वाजता निघा. कँडीत एक रात्र, शेवटची रात्र नेगोंबोला. या मार्गात मिरिस्सा, हिक्काडुवा, सिंहराजाचं जंगल यातलं काहीही कोंबू नका. ‘आलोच आहोत तर’ म्हणून गॉलला गेलेल्यांना लाल बावटा आणि उधाणलेला समुद्र बघून परतावं लागतं.

*डिसेंबरचा शेवट ते मार्च, दक्षिणेचा मार्ग.* कँडी दोन रात्री, नुवारा एलिया एक, एल्ला एक, वाटेत उडावलावेची सफारी करून मिरिस्सा किंवा उनावटुनाला दोन, शेवटची विमानतळाजवळ. डोंगर आधी आणि समुद्र नंतर, हा क्रम मुद्दाम आहे. डोंगरात एक दिवस पावसाने खाल्ला तर तो समुद्रावरच्या दोन दिवसांतून भरून काढता येतो. दिवस कमी पडला तर किनाऱ्यावरून विमानतळ द्रुतगती मार्गाने गाठता येतो; डोंगरातून तसं होत नाही.

दोन्ही मार्गांना लागू असलेला एकच कडक नियम: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री डोंगरात राहू नका. कँडी-कोलंबो रस्त्यावर कडुगन्नावाचा घाट आहे आणि मोठ्या पावसात तो बंद होतो. आपल्या वरंध घाटाचा अनुभव असलेल्यांना जास्त सांगायला नको.

तिकिटं, हॉटेलं, गाडी: कुठलं आधी

आधी विमान, मग त्याच दिवशी प्रवास विमा. उशीर केला तर काय बिघडतं? वादळाला नाव मिळून बातम्या यायला लागल्यावर घेतलेल्या विम्यात त्या वादळामुळे झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत. ती ‘आधीच माहीत असलेली घटना’ होते. पॉलिसीत उड्डाण रद्द होणं, सहल अर्धवट सोडावी लागणं आणि रुग्णालय हे तिन्ही आहेत का पाहा.

पासपोर्टची मुदत तिथे पोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने हवी. प्रवासाआधी ईटीए, म्हणजे ऑनलाइन मिळणारी प्रवेशाची परवानगी, काढून ठेवावी. तिच्या शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदलले आहेत, म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचं न ऐकता श्रीलंका सरकारच्या संकेतस्थळावरच पाहा आणि अर्जही तिथेच करा. दिसायला हुबेहूब सरकारी वाटणारी मध्यस्थांची संकेतस्थळं वर पैसे घेतात.

हॉटेलांपैकी डोंगरातली आणि समुद्रावरची, २४ किंवा ४८ तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येणारी घ्या, थोडी महाग पडली तरी. विमानतळाजवळची रात्र आणि सिगिरियाचा मुक्काम स्वस्तातल्या, परत न मिळणाऱ्या दराने घेतला तरी चालतो. तिथे पावसाने बेत सहसा मोडत नाही.

डोंगरातल्या रेल्वेचं आरक्षण साधारण महिनाभर आधी खुलं होतं आणि लगेच संपतं. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. काचेवर पाण्याचे ओघळ आले की बाहेरचं काही दिसत नाही. दुसरा वर्ग बरा. दित्वा वादळात या मार्गाचं फार नुकसान झालं, म्हणून बेत आखण्याआधीच गाडी कुठपर्यंत धावते आहे याची खात्री करा. गाडी नसेल तर रडत बसू नका, तोच रस्ता मोटारीने जातो आणि चहाचे मळे त्यातूनही दिसतात.

ड्रायव्हरसह गाडी घेणं तिथे सर्रास आहे आणि पावसाच्या दिवसांत तेच शहाणपणाचं. ठरवताना चार गोष्टी लिहून घ्या: दिवसाला किती किलोमीटर धरले आहेत, इंधन आणि टोल कोणाचा, ड्रायव्हरच्या झोपण्या-जेवणाची सोय कोण करणार, आणि पावसामुळे मार्ग बदलला तर जादा किती. चौथा प्रश्न कोणी विचारत नाही आणि वाद नेमका तिथेच होतो. टायर स्वतः पाहा. अंधार पडल्यावर घाटात गाडी न्यायची नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

पौर्णिमा कुठल्या दिवशी येते तेही पाहून ठेवा. दर पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’ला, सार्वजनिक सुट्टी असते, दारूविक्री बंद असते, मंदिरांत आणि रस्त्यांवर गर्दी असते. पांढऱ्या वस्त्रांतल्या माणसांनी भरलेलं अनुराधापुरा बघायचं असेल तर हाच दिवस उत्तम. लांबचा पल्ला मारायचा असेल तर नको.

अंदाज कसा वाचायचा

मोबाइलच्या ॲपमध्ये दहाही दिवस ढग, वीज आणि ‘६० टक्के’ दिसतं. घाबरून बेत रद्द करण्याचं ते कारण नव्हे. उष्ण कटिबंधात संध्याकाळी अर्धा तास सर येऊन गेली तरी चित्र तेच दाखवतात. टक्के सोडा, मिलिमीटर बघा आणि तासावारी बघा. दुपारी तीन ते पाचमध्ये ८-१० मिलिमीटर म्हणजे चहा पिण्यापुरता खोळंबा. दिवसभर सारखा विखुरलेला ५० मिलिमीटर म्हणजे झड.

निघण्याच्या आठ दिवस आधीपासून बंगालच्या उपसागरावर नजर ठेवा. भारतीय हवामान विभागाची पत्रकं त्यासाठी चांगली. नैर्ऋत्य उपसागर आणि श्रीलंकेचा किनारा यांचा उल्लेख आला की सावध व्हायचं. तिथे पोचल्यावर श्रीलंकेच्या हवामान खात्याचा रोजचा अंदाज बघा.

डोंगरात असाल तर दरडींच्या इशाऱ्याचे तीन टप्पे लक्षात ठेवा: पिवळा, अंबर, लाल. तिथल्या इमारत संशोधन संस्थेची सर्वसाधारण पट्टी अशी आहे की २४ तासांत ७५ मिलिमीटर झाला तर लक्ष ठेवा, १०० झाला तर निघायची तयारी करा, १५० झाला तर धोक्याच्या उतारावरून बाहेर पडा. प्रवाशाने एक टप्पा आधी हलावं. आपल्याला ना तिथला उतार माहीत, ना ओढा. हॉटेलची मागची भिंत कापलेल्या मातीच्या दरडीला लागून असेल तर पहिल्या दिवशीच खोली बदलून मागा. उतारावरची झाडं कललेली दिसणं, भिंतीला नवी भेग, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं या खुणा इशाऱ्याची वाट न बघता निघण्याच्या.

फोनमध्ये हे क्रमांक आधीच भरा: आपत्ती व्यवस्थापन केंद्र ११७, पोलीस ११९, पर्यटक पोलीस १९१२, रुग्णवाहिका १९९०. ही शेवटची ‘सुवा सेरिया’ सेवा भारताच्या मदतीने सुरू झालेली आणि मोफत आहे.

बॅगेत काय, किती

आठ दिवसांसाठी माणशी चार लवकर वाळणारे टी-शर्ट, दोन पातळ पँट, एक लांब बाह्यांचा सुती शर्ट, मोज्यांचे सहा जोड. जीन्स नको. तिथल्या दमटपणात ओली जीन्स दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना कुबट वास लावते. नुवारा एलिया १,८६८ मीटरवर आहे, रात्री गारठा पडतो. म्हणून माणशी एक स्वेटर किंवा फ्लीस, तोही विमानात अंगावर घालून न्या.

रेनकोटपेक्षा पोंचू बरा. हवा खेळती राहते आणि पाठीवरची सॅकही झाकली जाते. गावात छत्री, पायवाटेवर पोंचू. छत्री तिथेच विकत घ्या. सॅकला बाहेरून कव्हर लावतात सगळे, पण पाठीकडच्या बाजूने पाणी आत येतंच. आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी अंथरून त्यात कपडे ठेवा, कव्हर लागणारच नाही.

पायात काय घालायचं हा मोठा प्रश्न. पट्ट्यांचे, खडबडीत तळव्याचे फ्लोटर्स रोजच्यासाठी आणि डोंगरासाठी एक बूट. मंदिरात आणि स्तूपाच्या आवारात चपला काढाव्या लागतात, टोपीही. मे-ऑगस्टमध्ये अनुराधापुऱ्याच्या फरशीवर तळपाय भाजतात, तर पावसात तीच फरशी निसरडी होते. जाड सुती मोज्यांचा एक जुना जोड फक्त मंदिरांसाठी ठेवा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे तो अपमान समजतात.

कॅमेरा आणि फोन वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर काढले की काचेवर वाफ धरते. सकाळी निघण्याआधी अर्धा तास कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून बाहेर ठेवा, मग उघडा. सिलिका जेलच्या दोन पुड्या पिशवीत असू द्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या सामानात चालत नाही. २०,००० मिलिॲम्पिअर-तासांपर्यंतची चालते. खोल्यांत कुठे आपल्यासारखे गोल पिनांचे, कुठे चौकोनी तीन पिनांचे सॉकेट असतात. एक ॲडाप्टर पुरे.

आणि खाऊ. चिवडा पिशवी उघडल्यावर तासाभरात मऊ पडतो, म्हणून एकेका वेळचा वेगळा पॅक करून न्या. दशम्या दोन दिवसांच्या पुढे नकोत, बुरशी येते. शाकाहारी माणसाने सांबोल (नारळाची तिखट चटणी) आणि भाज्यांत ‘उंबलकड’ आहे का हे विचारावं; तो वाळवलेला मासा असतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

जळवा, डास, साचलेलं पाणी

सिंहराजाचं जंगल, नकल्सची डोंगररांग आणि ओल्या चहामळ्यांच्या कडेला जळवा असतातच. साध्या मोज्याच्या विणीतून त्या आत शिरतात. घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्यापर्यंतचे खास जळूमोजे मिळतात, ते पँटवरून चढवून वर नाडी बांधा. बाहेरून ओल्या साबणाची वडी किंवा मीठ चोळलं तर त्या वर चढत नाहीत; जोरदार पावसात मात्र दोन्ही धुऊन जातं, मग तासातासाने पुन्हा चोळायचं. जळू चिकटली तर ओढू नका, काडीने चटका देऊ नका. नख तिच्या बारीक टोकाखाली, कातडीला घासून, आडवं सरकवा, सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. दाबून धरा, साबणाने धुवा, पट्टी बांधा. यात घाबरण्यासारखं काही नाही.

डासांची गोष्ट वेगळी. श्रीलंका मलेरियामुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये जाहीर केलं, पण डेंगी आहे आणि दोन्ही पावसाळ्यांच्या सुमारास वाढतो. तो डास दिवसा चावतो. म्हणून ‘रात्री मच्छरदाणी लावली’ म्हणजे झालं असं नाही. २०-३० टक्के डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम सकाळीच लावा, आधी सनस्क्रीन आणि त्यावर हे. मुलांसाठी प्रमाण बालरोगतज्ज्ञांना विचारा. तिथे किंवा परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांना श्रीलंकेला जाऊन आल्याचं आपणहून सांगा.

पुराच्या किंवा भातखाचराच्या पाण्यात, पायाला जखम असेल तर, उतरू नका. मुंबईकरांना लेप्टोची ओळख करून द्यायला नको. तिथेही तो आहे.

दिवसाची आखणी

मधल्या महिन्यांत आणि डोंगरात सगळं पाहायचं ते सकाळी सहा ते एकमध्ये. हॉर्टन प्लेन्स उद्यानातला ‘वर्ल्ड्स एंड’ हा कडा नऊ-साडेनऊनंतर बहुधा ढगात जातो. नुवारा एलियाहून पहाटे पाचच्या आत निघालं तर कडा दिसतो, नाश्ता करून निघालं तर पांढरी भिंत. नाश्ता बांधून द्यायला आदल्या रात्रीच सांगा. दुपार संग्रहालय, चहाचा कारखाना, मसाल्याची बाग अशा छपराखालच्या गोष्टींसाठी ठेवा. वीज कडाडायला लागली की सिगिरियाच्या माथ्यावरून, समुद्रातून आणि उघड्या तलावाच्या बांधावरून खाली या.

मिरिस्साच्या देवमाशांच्या बोटी साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते एप्रिल चालतात. त्या काळाबाहेर बोट ‘सोडतो’ म्हणणारा भेटेल, पण समुद्र खवळलेला असतो आणि चार तास उलट्या करण्यात जातात. मे ते सप्टेंबरमध्ये देवमासे पाहायचेच असतील तर त्रिंकोमालीहून. यालाचा मुख्य विभाग साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुष्काळी दिवसांत बंद ठेवतात, तेव्हा उडावलावे. श्रीपादाचा डोंगर (ॲडम्स पीक) चढायचा तर डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वेसाक पौर्णिमेपर्यंत. त्यानंतर वाटेवरचे दिवे आणि चहाच्या टपऱ्या बंद असतात, आणि अंधारात ओल्या पायऱ्या हजारोंनी मोजायच्या असतात.

समुद्रात उतरताना लाटा किती उंच आहेत यापेक्षा त्या कुठे फुटत नाहीत ते बघा. फेसाळ लाटांच्या मधला गढूळ, शांत दिसणारा पट्टा पोहायला सोयीचा वाटतो, पण तिथूनच पाणी आत ओढून नेतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि लाटांबरोबर बाहेर या. हॉटेलच्या माणसाला ‘इथे आज गावातली पोरं पोहतायत का’ एवढंच विचारा. ती बाहेर बसली असतील तर तुम्हीही बसा.